काढा, फांट की हिम? चरकाच्या पाच कल्पना घरी बिनचूक कशा कराव्यात

२०२० साली आयुष मंत्रालयानं सुचवलेला ‘आयुष क्वाथ’ आठवतोय? तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन आणि काळी मिरी एक. या मिश्रणाची तीन ग्रॅम पूड दीडशे मि.ली. उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखी घ्यायची, एवढीच कृती होती. घरोघरी झालं भलतंच. मूठभर तुळस, दालचिनीची अख्खी काडी, दहा-बारा मिरी पातेल्यात घालून पाणी निम्मं होईपर्यंत खदखदवायचं. तुळशीचा वास घरभर सुटायचा आणि पातेल्यात उरायचं ते काळं, तिखटजाळ पाणी. मग कुणाच्या छातीत जळजळ, कुणाला तोंड आलेलं, आणि बोल लागायचा काढ्याला.

चूक औषधात नव्हती, कृतीत होती. जे नुसतं गरम पाण्यात मुरवायचं ते उकळलं गेलं. याच्या उलटही सर्रास चालतं. कठीण मुळं-साली चहाच्या गाळणीत ठेवून वरून गरम पाणी ओततात आणि त्याला काढा म्हणतात.

वनस्पतीतून औषध काढायच्या पाच रीती, ज्यांना आयुर्वेदात ‘कल्पना’ म्हणतात, चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चौथ्या अध्यायात दिल्या आहेत. दाबून-पिळून काढलेला तो स्वरस, वाटून केलेला गोळा म्हणजे कल्क, विस्तवावर कढवलेला शृत म्हणजे आपला काढा, रात्रभर पाण्यात ठेवून मिळालेला शीत किंवा हिम, आणि गरम पाण्यात घालून कुस्करलेला फांट. हा क्रम महत्त्वाचा आहे. यातला आधीचा प्रकार नंतरच्यापेक्षा जास्त बलवान, म्हणजे स्वरस सर्वांत जड आणि फांट सर्वांत हलका. लगेच पुढे चरक बजावतात की आजाराचं आणि रोग्याचं बळ पाहून यांतली कल्पना निवडायची, सगळ्या सगळीकडे उपयोगी पडत नाहीत. नेमकं हेच वाक्य वगळून आपण सगळंच उकळत बसतो.

मापं मात्र चरकांनी या ठिकाणी दिलेली नाहीत. आज वैद्य वापरतात ती बहुतेक मापं शार्ङ्गधरसंहिता या नंतरच्या आयुर्वेदग्रंथातली आहेत. खाली तीच घेतली आहेत, ग्रॅम आणि मि.ली.मध्ये. जुनं एक पल म्हणजे ४८ ग्रॅम आणि एक कर्ष म्हणजे १२ ग्रॅम, असा हिशेब धरला आहे.

सुरुवातीलाच सावध: कोणतं औषध घ्यायचं आणि किती, हे हा लेख सांगत नाही. वैद्यांनी सांगितलेलं औषध नीट कसं करायचं, एवढाच याचा विषय आहे. गरोदरपण, लहान मूल, रक्त पातळ करणारी गोळी, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार यांपैकी काही असेल तर विचारल्याशिवाय काहीही करू नका. साधं ज्येष्ठमध घ्या. ते रोज आणि जास्त घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम घटतं. ‘झाडपाल्याचं आहे, त्यानं काय होतंय’ हे वाक्य घरात कुणी म्हटलं की तिथेच थांबवा. नीट माहीत नसलेलं औषध विषासारखं, शस्त्रासारखं, आगीसारखं असतं, असं खुद्द चरकच म्हणतात.

## टप्पा १: आधी कल्पना ठरवा, मग गॅस पेटवा

चिठ्ठीवर कृती लिहिलेली असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर वैद्यांना एवढंच विचारा: ‘उकळायचं, भिजवायचं, की नुसतं गरम पाण्यात घालायचं?’ हे विचारायला संकोच वाटायचं कारण नाही. उत्तर समजून घेताना वनस्पतीचा कोणता भाग हातात आहे ते पाहा.

मुळं, साली, काष्ठं, सुकी कठीण फळं यांचा अंश सहज सुटत नाही, त्यांना विस्तव लागतो. त्यांचा काढा.

वास हेच ज्यांचं सत्त्व आहे, अशी तुळस, गवती चहा, पुदिना, ओवा, बडीशेप उकळली की त्यांच्यातलं उडनशील तेल वाफेबरोबर निघून जातं. त्यांचा फांट.

उन्हाळ्यात थंडाव्यासाठी घ्यायचे धने, वाळा वगैरे विस्तवापासून लांबच ठेवायचे. त्यांचा हिम.

ओला, रसदार पाला किंवा आलं असेल तर स्वरस. पोटात घ्यायचा किंवा वरून लावायचा गोळा हवा असेल तर कल्क.

तपासा: एकाच पुडीत मुळंही आहेत आणि सुगंधी पानंही आहेत? मग वैद्यांना विचारून पानं वेगळी ठेवा. मुळांचा काढा उतरवल्यावर ती त्यात घालून झाकण ठेवायचं, असं बहुतेक वेळा सांगितलं जातं.

## टप्पा २: माल पारखून घ्या

काष्ठौषधीच्या दुकानात पुडी हातात घेतली की आधी नाकाशी न्या. सुंठीला सुंठीचा, वेखंडाला वेखंडाचा वास यायलाच हवा. कुबट वास, बुरशीचे पांढरे ठिपके, किडीनं पाडलेली भोकं, तळाशी भुगा, यांतलं काही दिसलं तर पुडी परत करा. सुकी वनस्पती वर्षभरानं गुण गमावते आणि चूर्ण दोन महिन्यांत उतरतं, असं शार्ङ्गधर सांगतात. म्हणून तयार पूड किलोनं भरून ठेवण्यात अर्थ नाही. अख्खं आणा, लागेल तेवढंच कुटा. या ‘नवं ते चांगलं’ नियमाला काही अपवाद आहेत: वावडिंग, पिंपळी, गूळ, धान्य, तूप आणि मध हे जुनेच घ्यावेत.

स्वतः गोळा करणार असाल तर हंगाम सांभाळा. चरकांच्या कल्पस्थानात त्याचं वेळापत्रकच आहे. फांद्या-पानं पावसाळ्यात किंवा वसंतात घ्यावीत, मुळं उन्हाळ्यात किंवा शिशिरात पानं गळून गेल्यावर, आणि साल, कंद, चीक शरदात. खोडाचा गाभा हेमंतात, फुलं-फळं ज्यांच्या त्यांच्या ऋतूत. मुळांचं कारण समजायला सोपं आहे. झाड पालवी-फुलोऱ्यात गुंतलेलं नसतं तेव्हा त्याचा साठा खाली असतो.

ओळखीची खात्री नसेल तर तोडूच नका. कोविडच्या काळात लोकांनी कुंपणावरची दिसेल ती वेल गुळवेल म्हणून उकळली. गुळवेलीच्याच कुळातली, खोडावर दाट फोडांसारख्या गाठी असलेली एक वेल बाजारातही गुळवेल म्हणून खपते. ती वेगळी वनस्पती आहे, तिचा यकृतावर वाईट परिणाम होऊ शकतो. आणि खरी गुळवेलसुद्धा मनाला येईल तितके महिने प्यायची चीज नाही.

ओलं की सुकं? कृतीत सुक्या वनस्पतीचं माप असेल आणि हातात ओली असेल तर वजन दुप्पट घ्यायचं, कारण ओल्या वनस्पतीत बरंचसं वजन पाण्याचं असतं. पण गुळवेल, कुडा, अडुळसा, शतावरी, अश्वगंधा, कोहळा या ओल्याच वापरायच्या म्हणून ठरलेल्या आहेत. त्यांना दुप्पट करायचं नाही. ही यादी फ्रिजवर चिकटवून ठेवली तरी चालेल, इतक्या वेळा लोक इथे गडबडतात.

## टप्पा ३: वजन, भरड, भांडं

वजन. चमच्याचं माप सोडा. एक चमचा दशमुळाची भरड आणि एक चमचा सुकलेल्या पुदिन्याचा चुरा यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा पुरे. पाणी मोजायला औषधाच्या बाटलीचं खुणांचं झाकण किंवा मोजपात्र घ्या. ‘कप’ म्हणजे प्रत्येक घरात वेगळा आकार.

भरड. काढ्यासाठी जाडसर भरड हवी, जवाच्या दाण्याएवढी. खलबत्त्यात कुटा. मिक्सर वापरायचा तर थांबत थांबत, एका वेळी दोन-तीन सेकंदच फिरवा. अख्खे तुकडे टाकले तर आतला भाग कोराच राहतो. उलट पिठासारखी पूड टाकली तर ती तळाशी बसते, करपते, गाळताना फडक्यातून उतरते, आणि आपण काढा न पिता चिखल पितो. बाजारात ‘काढा’ म्हणून मिळणाऱ्या पुडीवर ‘क्वाथचूर्ण’ की नुसतं ‘चूर्ण’ लिहिलंय ते वाचा. पहिलं भरड असतं आणि उकळायचं असतं. दुसरं तसंच घ्यायचं असतं.

भांडं. ग्रंथात मातीचं सांगितलंय. नवं मातीचं भांडं असेल तर रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि एकदा त्यात नुसतं पाणी उकळून फेकून द्या, नाहीतर पहिल्या काढ्याला मातीची चव येते. ते नसेल तर जाड बुडाचं स्टीलचं, उभट पातेलं घ्या. पसरट कढईत थोडं पाणी बघता बघता उडतं आणि औषध मात्र सुटतच नाही. ॲल्युमिनियम नको, लोखंडी नको. हिरडा-आवळा लोखंडात घालून पाहा, काही मिनिटांत शाईसारखा काळा रंग येतो. हा वनस्पतीतल्या तुरट अंशाचा आणि लोखंडाचा संयोग आहे, ‘काढा कडक झाला’ असं नव्हे. कल्हई उडालेलं तांब्या-पितळेचं भांडंही बाद.

## टप्पा ४: काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून सावकाश.

पाण्याचा हिशेब. शार्ङ्गधरांचा सर्वसाधारण नियम असा: भरडीच्या सोळा पट पाणी घ्या आणि उकळून आठवा हिस्सा उरवा. २० ग्रॅम भरडीला ३२० मि.ली. पाणी, उरवायचं ४०. दुसरा नियम वनस्पतीच्या कठीणपणावर चालतो. मऊ असेल तर चौपट, मध्यम असेल तर आठपट, कठीण असेल तर सोळापट पाणी, आणि तिन्हींत चौथा हिस्सा उरवायचा. २० ग्रॅमला अनुक्रमे ८०, १६० किंवा ३२० मि.ली. पाणी, उरणार २०, ४० किंवा ८०. कोणता नियम लावायचा ते चिठ्ठीत किंवा पाकिटावर असतं. लिहिलेलं असेल तर तेच पाळा, दोन नियमांची खिचडी करू नका. हिशेबाच्या या सोयीसाठी मी २० ग्रॅम धरले आहेत. ग्रंथातलं माप एका वेळेला ४८ ग्रॅमचं आहे, आणि आजचे वैद्य सहसा त्याहून बरंच कमी देतात.

१. भिजवा. कठीण मुळं-साली असतील तर भरड मोजलेल्या पाण्यात रात्रभर, निदान तीन-चार तास भिजू द्या. ज्या पाण्यात भिजली त्याच पाण्यात उकळायची. ते ओतून देऊन ताजं पाणी घेणारे लोक मी पाहिले आहेत. निम्मं औषध मोरीत जातं.

२. काडीवर खूण करा. ‘आठवा हिस्सा उरला’ हे नजरेनं कळत नाही. ही युक्ती करा. आधी पातेल्यात भिजलेली भरड आणि नेमकं उरवायचंय तेवढंच पाणी, आपल्या उदाहरणात ४० मि.ली., घाला. साधी लाकडी काडी किंवा चमच्याचा दांडा सरळ उभा बुडवा आणि पाण्याच्या पातळीवर पेन्सिलीनं रेघ मारा. मग उरलेलं २८० मि.ली. पाणी ओता. (भरड भिजवलेलं पाणी वेगळ्या भांड्यात काढून ठेवलं तर मोजणं सोपं जातं.) अधूनमधून आच बारीक करून काडी बुडवून पाहायची, पाणी रेघेला टेकलं की उतरवायचं. एकदा या पद्धतीनं केलेला काढा आणि ‘अंदाजे’ केलेला काढा शेजारी ठेवून पाहा, रंगातच फरक दिसेल.

३. आच. पहिली उकळी येईपर्यंत मध्यम, नंतर मंद. कडेनं बारीक बुडबुडे येत राहिले पाहिजेत, मधोमध खळखळ नको. घाईत मोठ्या आचेवर पाणी पटकन आटतं, पण औषध पाण्यात उतरायला वेळ लागतो, तो मिळतच नाही. तीनशे मि.ली. पाणी दहा मिनिटांत आटलं असेल तर तो काढा झालाच नाही असं समजा.

४. झाकण नको. काढ्याचं भांडं उघडंच ठेवायचं. झाकून कढवलेलं पाणी पचायला जड होतं, हा जुना दंडक आहे. शिवाय व्यवहाराची बाब अशी की झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आत टपकते आणि पाणी आटतच नाही. लोक नेमकं उलटं करतात, काढा झाकतात आणि फांट उघडा ठेवतात.

५. ढवळा. दर पाच-सात मिनिटांनी तळापासून एकदा. शेवटच्या टप्प्यात जागचं हलू नका. पाणी थोडं उरलं की भरड तळाला धरते.

६. गाळा. मलमलीचं किंवा जुन्या धोतराचं पातळ सुती फडकं दुहेरी करा, गरम असतानाच गाळा आणि पोटली वळून पिळा. चहाच्या गाळणीनं गाळलेला काढा तळाशी गाळ सोडतो.

सावध: करपल्याचा वास आला तर सगळं फेकून द्या. वरून पाणी घालून ‘वाचवू’ नका. वापरलेली भरड संध्याकाळी पुन्हा उकळून दुसरा काढा काढायचा प्रकारही बंद करा. दुसऱ्या उकळीत काय उतरतं आणि किती, याचा काही हिशेब नसतो.

तपासा: काढ्याला मूळ वनस्पतीचा वास आणि चव ठळकपणे यायला हवी. नुसतं तपकिरी पाणी असेल तर भरड जुनी होती किंवा भिजली नव्हती.

## टप्पा ५: फांट

ग्रंथातलं माप एकाला चार आहे: ४८ ग्रॅम भरडीला १९२ मि.ली. गरम पाणी. पण मिरी-सुंठीचा फांट या मापानं पिऊन दाखवणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. तिखट द्रव्यं आली की माप चिठ्ठीवरचंच. वरच्या आयुष क्वाथात तर तीन ग्रॅमला दीडशे मि.ली., म्हणजे एकाला पन्नास आहे.

१. पाणी वेगळं उकळा आणि गॅस बंद करा.
२. त्यात भरड घाला. भरडीवर पाणी ओतलंत तरी चालेल.
३. लगेच झाका. दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडू नका. उघडल्यावर झाकणाच्या आतल्या बाजूचे थेंब परत भांड्यात झटका. वास त्यातच असतो.
४. हात घालण्याजोगं कोमट झालं की स्वच्छ हातानं भरड कुस्करा. चरकांच्या व्याख्येत हे कुस्करणं स्पष्ट आहे आणि ते जवळजवळ सगळे विसरतात.
५. फडक्यातून गाळा आणि लगेच घ्या.

तुळस, गवती चहा ओला असेल तर कात्रीनं कापण्यापेक्षा हातानं चुरगळून घाला.

## टप्पा ६: हिम

एक भाग भरड, सहा भाग पाणी, एक रात्र. उन्हाळ्यातला धन्याचा हिम हे सोपं उदाहरण: २० ग्रॅम धने जाडसर कुटायचे, १२० मि.ली. पाण्यात रात्री घालायचे, सकाळी कुस्करून गाळायचे आणि हवी तर खडीसाखर घालायची.

इथली नेहमीची चूक म्हणजे अख्खे धने भिजवणं. दाण्याच्या टरफलातून फारसं काही सुटत नाही. दुसरी चूक पाण्याची. इथे विस्तव नाही, म्हणून पाणी उकळून गार केलेलंच हवं. भांडं जाळीदार कापडानं झाका. चैत्र-वैशाखात, विशेषतः कोकण-गोव्याच्या दमट हवेत, सकाळी हिमाला आंबूस वास आला किंवा वर फेस दिसला तर तो ओतून द्या.

## टप्पा ७: स्वरस

सगळ्यात बलवान, म्हणून मात्रा सगळ्यात लहान. ग्रंथातही काढ्यापेक्षा स्वरसाची मात्रा कमी, २४ मि.ली., सांगितली आहे. पेलाभर हिरवा रस पिण्याची जी सकाळची पद्धत बागांबाहेर दिसते, तिचा याच्याशी संबंध नाही.

पाला निवडा, धुवा आणि फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा होऊ द्या. ओला पाला कुटलात तर मिळणारा रस अर्धा नळाचा. खलबत्त्यात कुटा, फडक्यात घालून पिळा. मिक्सरमध्ये फिरवताना पाणी घातलं की तो स्वरस राहत नाही, म्हणून पाण्याशिवाय फिरत नसेल तर खलबत्ता गाठा.

अडुळशासारखी पानं कितीही कुटली तरी रस सोडत नाहीत. त्यासाठी पुटपाक आहे. पानांचा कल्क करून जांभळाच्या किंवा वडाच्या पानांत गुंडाळायचा, वर दोन बोटं जाड मातीचा लेप द्यायचा, निखाऱ्यात माती लाल होईपर्यंत ठेवायचा, मग फोडून आतला कल्क पिळायचा. फ्लॅटमध्ये हे कोण करणार! घरगुती वाट म्हणजे पानं कोरड्या तव्यावर मंद आचेवर मऊ पडेपर्यंत शेकायची आणि गरम असतानाच कुटून पिळायची. पानं तपकिरी होता कामा नयेत.

ताजी वनस्पती मिळतच नसेल तर सुक्या चूर्णाच्या दुप्पट पाणी घेऊन ते एक दिवस-रात्र भिजवतात आणि गाळून स्वरसाच्या जागी वापरतात.

सावध: दुधीचा रस काढण्याआधी दुधीची एक फोड चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या, मध किंवा लिंबू घालून रेटू नका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावलेली आहेत.

## टप्पा ८: कल्क

यात सांगण्यासारखं थोडंच. ओली वनस्पती असेल तर पाणी न घालता, सुकी असेल तर लागेल तेवढं पाणी शिंपडत पाट्यावर वाटा. गोळा बोटांत धरून सुटता कामा नये आणि रवाळ लागता कामा नये. मिक्सरचं पातं तापतं आणि लसणासारख्या गोष्टीचा वास बदलतो. मध, तूप किंवा तेल मिसळायचं असेल तर कल्काच्या दुप्पट, साखर-गूळ असेल तर बरोबरीनं, आणि दूध-पाण्यासारखा पातळ पदार्थ असेल तर चौपट.

## टप्पा ९: वरून घालायचे पदार्थ

काढ्यात मध-साखर चवीसाठी घातली जाते असा समज आहे. त्यालाही माप आहे. साखर वाताच्या तक्रारीत काढ्याच्या चौथा हिस्सा, पित्तात आठवा, कफात सोळावा. मधाचं नेमकं उलटं: वातात सोळावा, पित्तात आठवा, कफात चौथा. म्हणजे कफाच्या खोकल्याच्या ४० मि.ली. काढ्यात साखर अडीच ग्रॅम किंवा मध दहा. मधुमेह असेल तर दोन्ही वैद्यांना विचारूनच. सैंधव, हिंग, त्रिकटू (सुंठ, मिरी, पिंपळी) यांची चिमूट काढा गाळून झाल्यावर घालायची, उकळताना नाही.

मध गरम काढ्यात घालू नका. तापलेला मध चरकांनी स्पष्ट वर्ज्य सांगितला आहे. पेल्याला हात लावून चटका बसत नाही, एवढा काढा निवला की मगच मध. वर्षाखालच्या बाळाला मध कोणत्याही रूपात नको.

## टप्पा १०: ठेवणं आणि टाकणं

पाचही कल्पना त्या त्या वेळी करून घ्यायच्या आहेत. स्वरस आणि फांट लगेच, हिम सकाळीच, काढा फार तर त्याच दिवशी. रविवारी आठवड्याचा काढा करून फ्रिजमध्ये बाटल्या भरून ठेवणं ही सोय नव्हे. वर तवंग आला, फेस धरला, चव आंबली की तो गेला. दुकानातला बाटलीतला काढा महिनोन्‌महिने टिकतो, कारण तो आंबवलेला असतो किंवा त्यात टिकाऊपणासाठी काहीतरी घातलेलं असतं. संध्याकाळचा काढा कोमट करायचा तर पेला गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा, पुन्हा उकळू नका.

सुक्या औषधांसाठी चरकांनी सांगितलेली कोठी अशी: वाऱ्याचा झोत नको पण हवा खेळती हवी, आग, पाणी, दमटपणा, धूर, धूळ आणि उंदीर यांपासून लांब, आणि औषधं झाकून शिंक्यावर टांगलेली. आपल्याकडे शिंकं नसलं तरी काचेच्या घट्ट झाकणाच्या बरण्या आहेत. गॅसच्या वरचं कपाट मात्र टाळा. तिथे उष्णता आणि वाफ दोन्ही असतात. बरणीवर नाव, आणल्याची तारीख आणि ‘अख्खं’ की ‘भरड’ हे लिहा. पावसाळ्यापूर्वी एकदा सगळं उन्हात पसरून, गार करून परत भरा. सुगंधी पानं मात्र सावलीतच.

डोळे किंवा लघवी पिवळी होणं, अंगभर खाज, सतत मळमळ, उलटी, काळी शी, यांतलं काही दिसलं तर औषध त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे जा. जाताना उरलेली भरड पाकिटासकट सोबत न्या, आणि किती ग्रॅम, किती पाण्यात, किती दिवस घेतलं ते कागदावर लिहून न्या. नुसतं ‘काढा घेत होतो’ एवढ्यावरून त्यांना काही ठरवता येत नाही.